कॅटलॉगच्या वाटेने चित्रकथा

सुरतेत साडी दुकानात लागण्याआधी फोनवर फिरून आलेली असते. रिंग रोडच्या कापड मार्केटात नवा माल तयार झाला की आठ-दहा साड्यांचं एक कॅटलॉग बनतं. मॉडेलचे फोटो, डिझाइन नंबर, कापडाचं नाव, खाली ब्लाउजपीसची एक ओळ. त्याची पीडीएफ संध्याकाळपर्यंत मालेगाव, नागपूर, इंदूर, पाटण्याच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर जाऊन पडते आणि ते ती पुढे आपापल्या गिऱ्हाइकांना ढकलतात. मी या धंद्यातला डिझाइनर. डिजिटल प्रिंटसाठी पल्लू, बॉर्डर, बुट्टी काढायची, रिपीट बसवायचं, एका डिझाइनची पाच-सहा मॅचिंग करून द्यायची आणि शेठना घाई असली की कॅटलॉगची पानंही लावून द्यायची, हे माझं दिवसाचं काम. रात्री मी चित्रकथा काढतो. मराठीत काढतो, पण पात्रांनी तोंड उघडलं की पुष्कळदा अहिराणी बाहेर पडते. या चित्रकथा फोनवरच वाचायच्या. कागदावर त्यातली एकही नाही.

पुस्तक कधी काढणार, असं भेटेल तो विचारतो. विचारणाऱ्याच्या मनात आपुलकी असते, म्हणून मी हसून वेळ मारून नेतो. पण सुरतेतल्या लिंबायतच्या माणसाला मराठी पुस्तक हवं असेल तर गावाहून येताना आणावं लागतं किंवा पोस्टाने मागवावं लागतं. फोन मात्र त्याच्या खिशात चोवीस तास असतो. वाचक जिथे आहे तिथे जायचं, एवढं साधं गणित आहे. ते जमवायला मात्र बरीच वर्षं गेली.

सुरतेतला मराठी माणूस म्हटला की बाहेरच्यांना शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात आणि गप्पा तिथेच संपतात. लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा, नवागाम, पांडेसरा या भागात गल्ल्याच्या गल्ल्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या लोकांच्या आहेत. कापूस पिकवणाऱ्या मुलखातली माणसं ताप्ती लाइनच्या गाडीत बसली आणि नायलॉन-पॉलिएस्टर विणायला इथे उतरली. माझे वडीलही असेच आले. महानगरपालिकेच्या मराठी शाळा आहेत, मी त्यातल्याच एकीत शिकलो. वर्गात मराठी, घरात अहिराणी, रस्त्यावर हिंदी, दुकानात गुजराती. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही.

लूम्सच्या खात्यात ज्यांनी पाय ठेवला नाही त्यांना तिथला आवाज सांगून कळणार नाही. शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं, नाहीतर हातवारे. पाळी बारा तासांची. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा पाण्याच्या भावात मिळू लागला आणि तोवर मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात गाणी भरून आणणारे कारीगर थेट फोनवर बघायला लागले. बघायला, ऐकायला नव्हे. खात्यात रील लावली तर ओठ हललेले दिसतात, शब्द पोचत नाही. माझा एक चुलतभाऊ मला म्हणाला होता, “ते चित्र आणि खाली लिहिलेलं असतं ना, ते बरं पडतं. थांबवता येतं.” तो मीम्सबद्दल बोलत होता. मी मात्र त्या दिवसापासून त्याच्या वाक्यावर काम करतो आहे. बॉबिन बदलायला उठावं लागलं, धागा तुटला, मास्टरने हाक मारली, तर चित्रकथा जिथे सोडली तिथेच उभी राहते. व्हिडिओवाल्या जगात चित्रकथेला जागा कुठे, असं परिषदांमधून विचारलं जातं. तिथे मला कोणी बोलावत नाही, पण माझ्याकडे निदान एक उत्तर आहे: आवाजात.

दुसरे वाचक म्हणजे घरात बसून साड्यांवर स्टोन लावणाऱ्या, धागा कटिंग करणाऱ्या बाया. नगावर पैसे, त्यामुळे हात मोकळा नाही आणि बोटांना गम लागलेला. त्यांचा फोन भिंतीला टेकवून ठेवलेला असतो आणि शाळेतून आलेली मुलगी शेजारी बसून वाचून दाखवते. हे कळल्यावर माझे संवाद बदलले. मनात वाचताना चालून जाणारं वाक्य नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडी अडखळतं. आता फुग्यातलं वाक्य लिहिलं की मी ते मोठ्याने म्हणून बघतो. बायको याला रात्रीची बडबड म्हणते.

चित्रकथेचं वेड लहानपणचंच. ‘चांदोबा’चे जुने अंक रद्दीवाल्याकडे किलोच्या भावात मिळायचे, मराठीतला ‘चांदोबा’ १९५२ चा, म्हणजे माझ्या वडिलांच्याही आधीपासूनचा. इंद्रजाल कॉमिक्स हाती लागायचे ते मुखपृष्ठ फाटलेलेच. आणि ‘चिंटू’. ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांनी तो १९९१ मध्ये सुरू केला. आमच्याकडे ‘सकाळ’ येत नसे, पण गावाहून बिबडे-पापड ज्या कागदात बांधून यायचे त्यात कधीकधी तो असायचा, तेलाच्या डागासकट. तीन-चार चौकटींत गोष्ट सुरू करून मिटवायची कशी, हे मी त्या डागाळलेल्या तुकड्यांवरून शिकलो. त्या चौकटी इतक्या मोकळ्या असायच्या की आज फोनवर लावल्या तरी एक रेघ बदलावी लागणार नाही.

सुरतेलाही या बाबतीत स्वतःचा इतिहास आहे, हे मला मार्केटातल्या एका गुजराती सहकाऱ्याने सांगितलं. ‘गांडीव’ नावाचं मुलांचं नियतकालिक इथून निघायचं आणि हरिप्रसाद व्यासांचा बकोर पटेल त्यातून घराघरांत गेला. बकोर पटेल म्हणजे कोट-टोपी घातलेला बोकड, त्याची बायको शकरी पटलाणी. १९३६ पासून वीसेक वर्षं या कथा येत होत्या. चित्रांसकट. माझा सहकारी पन्नाशीचा, हिशेबाला कडक, पण बकोर पटेलचं नाव निघालं की चहा थंड होऊ देतो. त्याच्याकडचं एक पुस्तक मी घरी आणून बघितलं. चित्र छोटं, मजकूर मोठा, आणि तरी माणसाला आठवतं ते चित्रच.

फोनसाठी वेगळी चित्रकथा काढायची ही कल्पना अर्थात आपली नाही. जपानमध्ये बटणांच्या फोनवर एकेक चौकट दाखवून मांगा विकल्या जायच्या, मारामारीच्या चौकटीला फोन थरथरायचा. कोरियात २००३-०४ च्या सुमारास दाउम आणि नेव्हर या कंपन्यांनी वेबटून सुरू केलं. आधी संगणकासाठी, पण वरून खाली सरकणारी ती लांब पट्टी पुढे फोनला अशी बसली की जणू त्याचसाठी बनवली होती. अमेरिकेत स्कॉट मॅक्लाउडने २००० साली लिहून ठेवलं होतं की पडद्यावर पानाची मर्यादा नाही, चित्रकथा कितीही लांब, कशीही पसरू शकते. आमच्या बिल्डिंगमधली अकरावी-बारावीची पोरं ‘सोलो लेव्हलिंग’ हे कोरियन वेबटून वाचतात, मॅक्लाउडचं नाव त्यांना माहीत असण्याचं कारण नाही. वेबटूनच्या ॲपवर कोणीही आपली कथा चढवू शकतो: रुंदी ८०० पिक्सेल, एकेका तुकड्याची उंची १२८० पर्यंत. मीही चढवली. पण तिथे भाषा निवडायच्या यादीत मराठी नाही, हिंदीही नाही. २०१९ च्या अखेरीस क्रॉस कॉमिक्स नावाचं ॲप खास भारतासाठी आलं, इंग्रजी, हिंदी आणि तेलुगूत. पुढे तेही बंद पडलं. इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये बरीच वर्षं दहाच चित्रं लावता यायची, म्हणून त्या काळातल्या माझ्या सगळ्या गोष्टी दहा चौकटींत मरतात. नायकाला अकरावी चौकट मिळाली असती तर एखाद्याचं लग्नही झालं असतं.

तरी ॲपवरचा वाचक हा ॲपवर गेलेला वाचक. मला हवे ते लोक तिथे गेलेलेच नव्हते. ते व्हॉट्सॲपवर होते: भाऊबंदकीचा ग्रुप, गल्लीचा ग्रुप, गणपती मंडळाचा ग्रुप, आणि गावाकडचा एक, ज्यात रोज सकाळी उगवत्या सूर्यासोबत सुविचार येतो.

व्हॉट्सॲप चित्राला कसं वागवतं हे कोणी शिकवत नाही, ते बघत बसावं लागतं. साध्या पाठवणीत ते चित्राची लांब बाजू सोळाशे पिक्सेलच्या आसपास आणून ठेवतं. चौकोनी फोटोला त्याचा त्रास नाही. पण आठशे रुंद आणि आठ हजार लांब अशी पट्टी पाठवली की लांबी सोळाशेवर येते आणि रुंदी एकशे साठवर. अक्षरांच्या मुंग्या होतात. म्हणजे कोरियन पट्टी इथे चालतच नाही. मग चौकटी सुट्ट्या पाठवा. सुट्ट्या पाठवल्या की चार किंवा अधिक चित्रांचा ते एक गठ्ठा करतं: वर दोन, खाली दोन, आणि चौथ्यावर ‘+५’ असा शिक्का. वाचकाला गोष्ट उघडण्याआधीच पहिल्या तीन चौकटी टपालतिकिटाएवढ्या दिसून जातात. विनोद तिसऱ्या चौकटीत असेल तर तो तिथेच फुटला. शिवाय कोणी पुढे पाठवताना बोटाने एकेक निवडत गेला की क्रम बदलतो आणि सासूचं उत्तर सुनेच्या प्रश्नाआधी पोचतं. म्हणून प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात मी आकडा घालू लागलो. त्याने क्रम सांभाळला, पण चित्राची शोभा गेली.

उपाय माझ्याच टेबलावर होता. दिवसभर जी पीडीएफ मी साड्यांसाठी बनवतो ती. पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून जाते, तिला व्हॉट्सॲप दाबत नाही. पानांचा क्रम हलत नाही. फोनवर ती आपोआप वरून खाली सरकते. एकदा उतरवली की नेटवर्क नसलेल्या गावातही उघडते. आणि मुख्य म्हणजे सुरतेत पीडीएफ उघडायची सवय पोराटोरांना, घरातल्या बायांना, सगळ्यांना आहे. साडीचा रंग बघायला सगळ्यांनी ती उघडलेली असते. नवीन काही शिकवावं लागलं नाही. फोनच्या पडद्याएवढं पान, अशी पंधरा-वीस पानं, फाइल पाच एमबीच्या आत, कारण कारीगराच्या फोनची मेमरी लग्नाच्या व्हिडिओंनी कायम भरलेली असते. दोन पानांच्या मध्ये पीडीएफमध्ये राखाडी पट्टी दिसते, तिलाच मी चौकटींमधली मोकळी जागा मानतो. काळ जायचा असेल, माणूस घर सोडून जायचा असेल, तर ती घटना पानाच्या सांध्यावर ठेवायची. फाइलचं नाव देवनागरीत द्यायचं, कारण ग्रुपमध्ये चित्राच्या खाली तेच दिसतं; मुखपृष्ठ म्हणाल तर तेच.

फोनवरची चित्रकथा आणि छापील पान यांत फरक काय, असं नव्या मुलांनी विचारलं तर मी एवढंच सांगतो, की छापील पानावर वाचकाला सगळं एकदम दिसतं. उजव्या कोपऱ्यातला खुनी त्याने पहिली चौकट वाचण्याआधीच बघितलेला असतो. फोनवर अंगठा सरकेल तेवढंच उलगडतं, ताक्याच्या घडीतून कापड निघावं तसं. पुढचं लपवायला आपल्याला काहीच करावं लागत नाही. ही गोष्ट कोरियाच्याही आधीची आहे. उत्तर गुजरातेत गरोडा लोक उभ्या कागदी पट्टीवर चित्रं काढून, ती गुंडाळी उलगडत गावोगाव कथा सांगायचे. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत, त्यांची चित्रं सुटी, एकामागून एक दाखवायची. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती त्याच परंपरेसाठी. म्हणजे गरोड्यांची पद्धत वेबटूनची आणि पिंगुळीची इन्स्टाग्रामची. ही माझी वर्गवारी आहे, कोणा अभ्यासकाच्या माथी मारू नये.

एक उदाहरण देतो, नाहीतर हे सगळं हवेत राहील. ताप्ती लाइनवर नवापूरचं स्टेशन दोन राज्यांत आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत, आणि फलाटावर एक बाक असा की त्याच्या मधोमध सीमा. मला त्या बाकावर दोन म्हातारे बसवायचे होते, एकाची नातवंडं सुरतेत, दुसऱ्याची शेतं नंदुरबारकडे. छापील पानावर मी तो बाक पानभर आडवा काढला असता आणि मध्ये रेघ मारून मोकळा झालो असतो. फोन उभा. आडवा बाक काढला तर म्हातारे झुरळाएवढे. मग बाकाचे दोन तुकडे केले. एका पडद्यावर फक्त गुजरातचा म्हातारा, उजवीकडे बघत बोलतो आहे, कोणाशी ते दिसत नाही. अंगठा सरकवला की महाराष्ट्रातला, डावीकडे बघत. सीमा मी काढलीच नाही, ती दोन पडद्यांच्या मध्ये पडली. संपूर्ण गोष्टीत ते दोघे एका चित्रात फक्त एकदा येतात, गाडी आल्यावर, पाठमोरे, कारण दोघांनाही त्याच डब्यात चढायचं असतं.

दुसरा प्रसंग ऑगस्ट २००६ च्या पुराचा. उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापीने शहराचा बराचसा भाग बुडवला. तो पूर पाहिलेला प्रत्येक जण हात वर करून सांगतो, “इथपर्यंत होतं.” पाणी चढतं खालून वर आणि वाचक सरकतो वरून खाली. दिशा उलटी. मी त्या उलट्या दिशेलाच धरून बसलो. गोष्ट गच्चीवर सुरू होते: ऊन पडलेलं, बाया-पोरं बसलेली, कोणीतरी हेलिकॉप्टरकडे बघतंय. खाली सरकलं की दुसरा मजला, खिडकीतून दोरीने बादली सोडणारा मुलगा. त्याखाली पहिला मजला, पाणी उंबऱ्याशी. त्याखाली तळमजला, तिथे शब्द नाहीत, फक्त गढूळ तपकिरी रंग आणि त्यात तरंगणारी एक शिलाई मशीन. तळमजल्याला मी तीन पडदे दिले. संपत का नाही, असं वाचकाला वाटेपर्यंत. एकाने व्हॉइस नोट पाठवून सांगितलं की शिलाई मशीन लोखंडी असते, ती तरंगत नाही. बरोबर आहे. मी तिच्याजागी लाकडी पाट काढला आणि फाइल पुन्हा पाठवली. जुनी अजून फिरतेच आहे. आमचे समीक्षक लिहीत नाहीत, बोलतात, दीड-दीड मिनिटं, मागे कुकरची शिट्टी.

१९९४ च्या प्लेगवरही काढायचं आहे. त्या सप्टेंबरात अर्धी वस्ती गाठोडी घेऊन स्टेशनकडे धावली होती, माझं घरही. पण घरातली मोठी माणसं त्यावर बोलायला लागली की दोन वाक्यांत गप्प होतात, म्हणून ते राहिलं आहे.

अक्षरांचा त्रास वेगळाच. साडीवर अक्षर नसतं, त्यामुळे आमच्या ऑफिसातल्या फोटोशॉपला देवनागरीची सवयच नव्हती. ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ हा पर्याय निवडल्याशिवाय ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र तर कित्येक हिंदी वळणाच्या फाँटांना झेपत नाही. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू हे फाँट फुकट मिळतात आणि बरे चालतात, पण गप्पा मारणाऱ्या पात्राच्या तोंडी मला छापील अक्षर नको असतं. मी हाताने लिहितो. इंग्रजी कॉमिक्समध्ये सगळी मोठी लिपी असते, ओळींना वर-खाली फांद्या नाहीत. आपल्याकडे वर मात्रा-अनुस्वार, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत जागा सोडावी लागते आणि तेवढ्याच फुग्यात शब्द कमी मावतात. ‘ष्ठ’ किंवा ‘द्ध’ स्वस्तातल्या फोनवर काळा ठिपका होतो. म्हणून माझी पात्रं निष्ठेवर बोलत नाहीत. खात्यात कोणी बोलतही नाही म्हणा.

रंगाच्या बाबतीत कापडाने मला बिघडवलं होतं. डोळ्याला गोड लागणारं मरून, राणी, लाल हे सगळे रंग साडीवर उठून दिसतात. पण फोनवर चित्र दाबलं जाताना लाल रेघेची कड आधी फुटते, भोवती धूळ बसल्यासारखी. पीडीएफने ते बरंचसं वाचवलं, तरी पुढे कोणी स्क्रीनशॉट काढून पाठवतोच. म्हणून बाह्यरेषा काळी, जाड. पडद्याचा उजेड कमी करून, उन्हात धरून, काच तडकलेल्या जुन्या फोनवर असं तीनदा बघितल्याशिवाय मी फाइल सोडत नाही. जाड रेघ आणि कमी शब्द यांसाठी गुरू शोधायचा तर दूर जायला नको, शि. द. फडणीस आहेत. अनंत अंतरकरांच्या मासिकांसाठी त्यांनी काढलेलं ते बसथांब्यावरचं चित्र, बाईच्या साडीवर उंदीर आणि शेजारच्या पुरुषाच्या शर्टावर मांजरं, त्याखाली एक शब्द नाही. साडीचं डिझाइन हीच गोष्ट. माझ्या धंद्यातल्या माणसाला याहून मोठा आशीर्वाद नाही. आमच्या शेठना दाखवलं तर त्यांनी आधी विचारलं, हे उंदीरवालं चालेल का? दिवाळीत?

पैशाचं विचाराल तर सरळ सांगतो, चित्रकथेवर घर चालत नाही. कधी एखाद्या मंडळाच्या गणपतीची गोष्ट, कधी दवाखान्यासाठी डेंग्यूची चार पानं, कधी लग्नपत्रिकेऐवजी नवरा-नवरीची चित्रकथा. हे शेवटचं सध्या चालतं, आणि त्यात नवऱ्याचं पोट कमी काढायचे जादा पैसे मी घेत नाही. बाकी चोरी आहेच. एका भल्यामोठ्या पेजने माझी पुराची गोष्ट सही कापून, वर स्वतःचा शिक्का मारून लावली. तक्रार केली, उत्तर आलं नाही. तेव्हापासून मी सही कोपऱ्यात करत नाही, चित्राच्या आत करतो: दुकानाच्या पाटीवर, रिक्षाच्या मागे, बाईच्या साडीच्या काठात. काठ कापला तर बाईच कापावी लागेल.

पीडीएफचा तोटा म्हणजे आकडे नाहीत. किती जणांनी वाचलं, कुठे थांबले, कोणाला आवडलं, काही कळत नाही. ॲपवाले हे ऐकून कीव करतात. पण फाइल कुठून कशी परत आली यावरून अंदाज येतो. कधी नंदुरबारच्या मावशीकडून, कधी पुण्यात शिकणाऱ्या कोणाकडून, आणि वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ असा दोन बाणांचा शिक्का लागलेली. सरकार आणि कंपनी त्या शिक्क्याकडे अफवेचं लक्षण म्हणून बघतात. माझ्यासाठी ती आवृत्ती संपल्याची खूण आहे.

सगळ्यात जास्त बाण लागले ते कानबाईच्या गोष्टीला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आमची कानबाई देवी बसते, सोमवारी विसर्जन. सुरतेत ती दहा बाय दहाच्या खोलीत बसते आणि अख्खी भाऊबंदकी त्याच खोलीत जमते. माझ्या गोष्टीतल्या कारीगराला त्या रात्री पाळी असते. “सुट्टी शे का, भो?” असं घरून दर तासाला विचारणं होतं. शेठला कानबाई म्हणजे काय हे समजावता येत नाही. शेवटी त्याचे लूम सांभाळतो तो ओडिशाच्या गंजामचा जोडीदार, कारण आषाढात रथयात्रेला याने त्याचे सांभाळले होते. एवढीच गोष्ट. खाती गंजामच्या लोकांनी भरलेली आहेत, ही अदलाबदल रोजची, पण चित्रात कोणी बघितली नव्हती. एकाने ती हिंदी करून मागितली, त्याला आपल्या जोडीदाराला वाचायला द्यायची होती.

यंदा दुसरा भाग काढतो आहे आणि तो दोन लिप्यांत निघेल. माझा पुतण्या अहिराणी फाडफाड बोलतो, पण शाळा गुजराती, त्यामुळे देवनागरी तो अक्षर लावून वाचतो आणि कंटाळून खाली सरकतो. म्हणून एक प्रत गुजराती लिपीत, बोली तीच. गुजरातीला शिरोरेषा नाही, फुग्यात ओळी सुटसुटीत बसतात, मला मोकळी जागा जास्त मिळते. तेवढ्यावरून आई म्हणते की मी पक्ष बदलला. गावाकडच्या ग्रुपवर ही प्रत गेली तर काय ऐकावं लागेल त्याची मला कल्पना आहे, तरी पाठवणार आहे. तूर्त काम अडलं आहे ते लिपीपायी नाही. कानबाईच्या प्रसादाचे रोट कोणी कोणाला द्यायचे आणि किती दिवसांत संपवायचे यावर आईचं एक म्हणणं आहे, काकूचं दुसरं आणि आत्याने गावाहून तिसरंच कळवलं आहे. नवव्या पानावर तिघींचे फुगे काढून ठेवलेत, आत अजून काही लिहिलेलं नाही.